तिसऱ्या ओळीतला श्वास

“मामा, बसा हो जरा! तुमच्या येरझाऱ्या माइकमध्ये ऐकू येतायत!” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला, तेव्हा कुठे वाद्यवृंदातले ट्रम्पेटवाले मामा खुर्चीवर टेकले. टेकले म्हणजे काय, निम्मेच. आज राष्ट्रगीताचं नवं ध्वनिमुद्रण होणार होतं, आणि महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या या माणसाला सकाळपासून एका जागी चैन पडत नव्हतं.

कारणही तसंच होतं. जुनं ध्वनिमुद्रण एकतीस वर्षांपूर्वीचं. शाळांत, मैदानांवर, रेडिओवर तेच वाजायचं, आणि त्यात मामांची एक चूक होती. स्वरलिपीच्या मूळ कागदाप्रमाणे तिसऱ्या ओळीत ट्रम्पेट एकटा वर चढतो आणि न थांबता थेट चौथ्या ओळीत उतरतो. पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मामींनी इस्त्री करताना शर्ट जाळला, शेजाऱ्याचा उसना घेईपर्यंत उशीर झाला, त्यात लिफ्ट बंद. मामा पाच मजले धावत चढले आणि तसेच वाजवायला बसले. नेमका त्या ओळीच्या शेवटी दम संपला. मामांनी श्वास घेतला. तेव्हाचे म्हातारे संचालक मोठे धोरणी; त्यांनी काठी हवेत धरून अख्खा वाद्यवृंद तेवढ्यापुरता थांबवला. टेप दुपारच्या विमानाने परदेशातल्या क्रीडास्पर्धेला जायची होती, पुन्हा वाजवायला वेळच नव्हता. पुढे म्हातारे वारले, बाकीचे पांगले, आणि ही गोष्ट फक्त मामांना आणि मामींना ठाऊक राहिली.

टीव्हीवर सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं की मामी कोपर मारायच्या. “बघा, तुमच्यापायी सगळा देश खोळंबला!” मामा वरवर हसायचे, पण त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज घरातून निघताना मामी म्हणाल्या, “तुमच्या शर्टाला मी हात लावलेला नाही हं. आता तुमचं तुम्ही बघा.”

नवी संचालिका वयाने मामांच्या लेकीएवढी, पण कडक. मूळ कागदाबरहुकूम तिने नवी मांडणी केली होती. चेलो वाढवले होते, ढोल कमी केले होते. तिसरी ओळ मात्र ट्रम्पेटकडेच ठेवली होती. काठी उठली. मामा चढले, टिकले, आणि एका श्वासात अलगद चौथ्या ओळीत उतरले. संपताच व्हायोलिनवाल्यांनी स्टँडवर गज आपटून दाद दिली.

“मामा, कमाल केलीत!” संचालिका म्हणाली. मामा रडायचेच बाकी होते. एकतीस वर्षांचा डाग एका मिनिटात धुऊन निघाला होता.

मग गायला प्राथमिक शाळेतल्या तीस शिक्षिका आल्या. हेडफोनमध्ये नुकताच मुद्रित झालेला टेक ऐकत त्या गाऊ लागल्या, आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी सगळ्याच्या सगळ्या थांबल्या. ट्रम्पेट पुढे निघून गेला, बायका मागे राहिल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला संचालिकेचा पारा चढला.

“कागदावर तिथे थांबा आहे का? मग थांबता कशाला?”

“कागदावर नसेल हो मॅडम,” सगळ्यांत ज्येष्ठ बाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या, “पण आमच्या गळ्यात बसलंय ते. रोज सकाळी पोरांबरोबर म्हणतो ना. पहिलीतलं पोरही तिथे आपसूक श्वास घेतं.”

“मग चुकीचं शिकवलंत! जेवणाची सुट्टी रद्द. जमेपर्यंत घोटायचं.”

मामा काचेमागे उभे होते. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तासाभरात बायकांना जमलं असतं, मामांचा टेक कायम झाला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं. पण ज्येष्ठ बाईंचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. दार ढकलून ते आत गेले.

“मॅडम, त्यांना बोलू नका. चुकलो तो मी.” आणि शर्टापासून जिन्यापर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मग ज्येष्ठ बाई खुदकन हसल्या. “अहो, तो श्वास तुमचा होय? आम्हाला वाटायचं, गाण्यातच आहे! तेवढी एकच जागा आहे हो, जिथे मागच्या बाकावरचं पोरसुद्धा सगळ्यांच्या बरोबर येतं.”

संचालिका मामांकडे बघतच राहिली. “शाळेत मीही असंच म्हणायचे,” ती हळूच म्हणाली. आणि लगेच टाळी वाजवून ओरडली, “चला, सगळे जागेवर! गाणं आणि वाद्यं एकदमच घेऊ. मामा, किती थांबला होतात?”

“पाच मजले चढल्यावर माणूस थांबेल तेवढा.”

हशा पिकला. खुर्च्या सरकल्या, वायरी ओढल्या गेल्या, शिक्षिका ट्रम्पेटच्या मागे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. जेवणाची आठवण कुणालाच राहिली नाही.

“मामा, सकाळच्या टेकचं काय करू?” रेकॉर्डिस्टने विचारलं. “इतका स्वच्छ आहे, पुसवत नाही हो.”

मामांनी काचेपलीकडच्या यंत्राकडे एकदा पाहिलं. तेवढं एकच तर त्यांनी इतकी वर्षं मागितलं होतं.

“पूस,” ते म्हणाले आणि त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला.

काठी उठली. तिसरी ओळ आली, मामा वर चढले. छातीत अजून भरपूर दम होता, चौथी ओळ अगदी समोर होती. ते थांबले. त्यांच्या पाठीशी तीस बायकांनी एकाच वेळी श्वास घेतला, आणि तो मामांना आज पहिल्यांदा ऐकू आला.