अठ्ठ्याऐंशी म्हणजे पंच्याण्णव

प्रेमाताई आठल्ये यांना मूर्ख माणसांचा राग येत नसे. कीव येत असे, आणि ती त्या लपवत नसत. बत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी संशोधन संस्थेच्या कॅलिब्रेशन विभागात काढली होती. काम एवढंच, की इतरांनी पाठवलेली मोजमापाची यंत्रं टेबलावर ठेवायची आणि ती किती खोटं बोलतात ते सहीनिशी लिहून द्यायचं. निवृत्तीनंतर यंत्रं यायची बंद झाली, तेव्हा त्यांनी ती नजर माणसांकडे वळवली. बनशंकरीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टँकरवाल्यापासून योगा टीचरपर्यंत कुणीही त्यांच्यासमोर आकडा सांगताना आधी घसा खाकरत असे.

जावई मात्र खाकरत नसे. शंभूराज इंदिरानगरात एका कंपनीत ‘ग्रोथ’ नावाचं काहीतरी बघायचा. ते नेमकं काय, हे त्याच्या बायकोला, म्हणजे प्रेमाताईंच्या गौरीलाही धड सांगता येत नव्हतं. त्याची खरी ओळख वेगळी होती. त्याच्याकडे एक मोठी मोटरसायकल होती आणि त्याच मॉडेलच्या गाड्या असलेल्या सतरा जणांचा एक क्लब होता. दर रविवारी पहाटे अंगावर जॅकेटं चढवून हे लोक शंभर किलोमीटर जायचे, इडली खायचे आणि परत यायचे. इडली बनशंकरीतही मिळते, असं प्रेमाताईंनी एकदा सुचवून पाहिलं होतं.

दर शनिवारी रात्री गौरी आणि शंभूराज जेवायला यायचे. अशाच एका शनिवारी त्यानं ताटाशेजारी फोन उभा करून ठेवला.

“आई, हे बघाच. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितलंय.”

व्हिडिओत मोटरसायकलच्या हँडलवर फोन बसवलेला होता. खाली गाडीचं मीटर, वर फोनवर सॅटेलाइटनं मोजलेला वेग. गाडी सुसाट वेग घेत होती आणि शंभूराज वाऱ्यात ओरडत होता, “मीटर ऐंशी, फोन सत्तर! मीटर शंभर, फोन अठ्ठ्याऐंशी! बघा मित्रांनो, कंपनी आपल्याला कशी फसवते!”

“बारा टक्के आई, तब्बल बारा टक्के खोटं! तुमचंच डिपार्टमेंट ना हे?”

प्रेमाताईंना दुसऱ्या मिनिटालाच सगळं कळलं होतं. पहिली गोष्ट, मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, थोडं जास्त दाखवलं तर चालेल, असा नियमच आहे. त्यामुळे कंपन्या मुद्दाम चार-पाच टक्के चढं ठेवतात. त्यात फसवणूक नाही, शहाणपण आहे. दुसरी गोष्ट जास्त मजेची होती. फोन वेग मोजून दाखवेपर्यंत एखाद-दोन सेकंद जातात. गाडी एका वेगानं चालली असेल तर त्यानं काही बिघडत नाही. पण हा गृहस्थ वेग वाढवता वाढवता आकडे वाचत होता. म्हणजे मीटर आत्ताचं सांगत होतं आणि फोन मघाचं. खरा फरक पाच टक्के असणार. उरलेले सात यानं स्वतःच्या घाईनं तयार केले होते.

“शंभूराज, हे तुम्ही वेग वाढत असताना—”

“आई, हे सॅटेलाइट आहे.” त्यानं हसून हात वर केला. “तुमच्या सरकारी लॅबमधला काटा नाही.”

गौरीनं नवऱ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं. प्रेमाताईंनी तोंड मिटलं आणि त्याच्या वाटीत आणखी आमटी वाढली.

“पुढे काय करणार मग?” त्यांनी विचारलं.

“केलंच आहे! एक छोटा बॉक्स मिळतो. चाकाच्या सेन्सरची वायर त्यातून न्यायची आणि पाहिजे तेवढं मीटर कमी करून घ्यायचं. यल्लाप्पाच्या गॅरेजमध्ये सगळ्या सतरा गाड्यांना बसवून घेतोय. बारा टक्के. आता मीटरच खरं बोलणार. फोन खिशात!”

म्हणजे जिथे जुनं मीटर शंभर सांगायचं, तिथे आता गाडी खरी पंच्याण्णवनं धावेल आणि मीटर अठ्ठ्याऐंशी दाखवेल. प्रेमाताईंनी हा हिशेब भात कालवता कालवता केला आणि त्यांना फार समाधान वाटलं. बोलायचं नाही. याला एक दंडाची पावती येऊ दे, दुसरी येऊ दे. मग येईल विचारत.

तीन आठवडे त्यांनी ते समाधान पुरवून पुरवून वापरलं. संध्याकाळी पार्कात मैत्रिणींना त्या सांगत, “आमचे जावई उपग्रहाला घड्याळ शिकवायला निघालेत.” बायका हसत. दोन पावत्या आल्याही. क्लबातल्या दोघांना ऐंशीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर कॅमेऱ्यानं शहाऐंशीला धरलं. शंभूराजनं लगेच दुसरा व्हिडिओ केला: पोलिसांचे कॅमेरेही खोटे! प्रेमाताईंनी तो दोनदा पाहिला.

चौथ्या रविवारी सकाळी साडेआठला गौरीचा फोन आला.

“आई, नागराज पडला. आनेकलच्या पुढे, थळीच्या रस्त्यावर. खांद्याचं हाड मोडलंय.”

नागराज त्या क्लबातला एकटाच असा होता ज्याला गाडीतलं काही कळत असे. निपाणीकडचा, आनेकलच्या एका कारखान्यात फिटर. गाडी जुनी घेतलेली, पण त्याच मॉडेलची, म्हणून त्याला क्लबात घेतलेलं. वाटेत कुणाची चेन उतरली की जॅकेटवाले फोटो काढत आणि नागराज चेन बसवत असे. गौरीच्या घरी तो दोनदा जेवायला आला तेव्हा प्रेमाताईंशी त्याचं चांगलं जमलं होतं. “अक्का, तुमी व्हर्नियर वापरलाय?” असं त्यानं डोळे मोठे करून विचारलं होतं.

प्रेमाताई दुपारी हॉस्पिटलात पोचल्या. नागराजचा हात छातीशी बांधलेला, गाल सोलवटलेला. त्याची बायको धनलक्ष्मी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बाहेर पॅसेजमध्ये गौरी बाकावर बसली होती आणि शंभूराज फोनवर कुणाला तरी ‘रायडर एरर’ म्हणून समजावत होता.

“किती वेग होता?” प्रेमाताईंनी विचारलं.

“साठ, अक्का. शंभूराज अण्णानं सांगितल्यालं, ह्ये वळण साठनं घ्यायचं. मी मीटरकडं बघूनच घेतलं की. साठच्या वर गेलोच न्हाई.” मग तो ओशाळून हसला. “वाळू पण हुती थोडी.”

साठ म्हणजे पासष्ट. पाच किलोमीटरच्या फरकानं माणूस पडतो का? पडेलच असं नाही. पण वाळूत पडणार नाही, असंही त्यांना सहीनिशी लिहून देता आलं नसतं. प्रेमाताई पॅसेजमध्ये आल्या.

“फोन ठेवा.”

“आई, एक मिनिट—”

“ठेवा म्हटलं ना. पुढच्या रविवारी सहा वाजता मला तुमच्या गाडीवर बसवून न्यायचं. गौरी, तू पन्नास मीटरची टेप घेऊन ये.”

त्या रविवारी आनेकलच्या औद्योगिक वसाहतीमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गौरीनं एका टोकाला आणि शंभूराजनं दुसऱ्या टोकाला टेप धरून दहा वेळा रस्ता मापला आणि पाचशे मीटरच्या दोन टोकांना खडूनं दोन रेघा मारल्या. शंभूराज तोपर्यंत हसतच होता. मग प्रेमाताईंनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली, हेल्मेट घातलं आणि हातात स्टॉपवॉच घेऊन मागे बसल्या.

“रेघेच्या खूप आधीपासून मीटरवर साठ धरायचं. हलू द्यायचं नाही. साठच्या वेगानं पाचशे मीटरला किती सेकंद लागतात?”

शंभूराजनं कॅल्क्युलेटरसाठी खिशातला फोन चाचपला.

“ग्रोथमध्ये भागाकार नसतो वाटतं. तीस. चला.”

जाताना सत्तावीस पूर्णांक आठ सेकंद लागले. येताना सत्तावीस पूर्णांक सात. पुन्हा गेले, पुन्हा आले. तेच.

“तुमचं घड्याळ...” शंभूराजनं सुरुवात केली.

“माझं घड्याळ राहू दे. तुमचा लाडका फोन काढा. हँडलला लावा. आणि या वेळी वेग वाढवत आकडे वाचायचे नाहीत. एका वेगानं धरायची, पाच श्वास मोजायचे, मग बघायचं.”

मीटरवर साठ होतं. फोनवर चौसष्ट आलं, मग पासष्ट, आणि तिथेच ठाण मांडून बसलं. शंभूराज पुढचा अर्धा किलोमीटर त्या दोन आकड्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिला, जणू त्यातला एखादा लाजून बदलेल. मग त्यानं गाडी हळूहळू कडेला घेतली आणि बंद केली.

“म्हणजे सॅटेलाइट बरोबरच होतं,” तो शेवटी म्हणाला.

“सॅटेलाइट बरोबरच होतं. मीटरही आपल्या जागी बरोबर होतं. त्या दोघांच्या मध्ये एक माणूस बसला होता.”

गौरीला हसू आवरलं नाही. शंभूराजचा चेहरा मात्र उजळत चालला होता.

“आई, याचा व्हिडिओ करू या! ‘माझी सर्वात मोठी चूक.’ लोकांना असलं फार आवडतं.”

“आधी सोळा फोन करा. इथेच, माझ्यासमोर. बॉक्स काढल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं सांगा.”

त्यानं केले. खडूच्या रेघेवर उभं राहून, एकेकाला. यल्लाप्पानं पुढच्या दोन दिवसांत चौदा बॉक्स काढले आणि नागराजची वाकलेली गाडी गॅरेजमध्येच होती, तिचाही काढला. दोघं आलेच नाहीत. एकाचा निरोप आला, की आता या मीटरची सवय झाली आहे. प्रेमाताईंनी त्याचा पत्ता घेतला, त्याच्या घरी गेल्या, आणि त्याच्या आईच्या देखत त्याला असं काही बोलल्या की तो त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये हजर झाला. दुसरा मात्र फोनच उचलत नव्हता.

एवढं झाल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गुरुवारी त्या बसनं आनेकलला नागराजच्या घरी गेल्या. धनलक्ष्मीनं चहा आणून ठेवला. प्रेमाताईंनी कपाला हात न लावता सांगितलं, “नागराज, मीटर खोटं होतं. तू साठवर नव्हतास, पासष्टवर होतास. आणि हे मला आधीपासून ठाऊक होतं. बॉक्स बसवायच्या आधीपासून.”

नागराजला ते नीट कळलं नाही, किंवा कळूनही त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं. “असू द्या अक्का. वाळू हुती की. वाळूवर चाळीसनं पण घसरतंय.”

“ठाऊक हुतं?” धनलक्ष्मी दारातूनच म्हणाली. “मग सांगितलं का न्हाई?”

“जावयानं नीट विचारलं नाही म्हणून.” प्रेमाताईंना दुसरं खरं उत्तर सापडेना. “मला वाटलं, होऊ दे फजिती. मजा बघू.”

“बघितली न्हवं मजा?” धनलक्ष्मी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं एकदा त्यांच्याकडे डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं. अगदी तशाच नजरेनं प्रेमाताई बत्तीस वर्षं नादुरुस्त यंत्रांकडे पाहत आल्या होत्या. मग ती आत निघून गेली.

“चहा घ्या अक्का,” नागराज पुटपुटला.

त्यांनी घेतला. निवला होता, तरी पूर्ण प्यायल्या. डॉक्टरकडे पुन्हा कधी जायचं आहे ते विचारलं आणि त्या दिवशी मी येईन, म्हणाल्या. नको म्हणायला नागराजनं तोंड उघडलं, तर त्यांनी त्याला दामटून गप्प केलं.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. दांड्याला धरून उभ्या असतानाच शंभूराजचा फोन आला. ‘माझी सर्वात मोठी चूक’ हा नवीन व्हिडिओ नव्वद हजारांवर गेला होता. लोक विचारत होते, ही सासूबाई कोण?

“शंभूराज,” प्रेमाताई म्हणाल्या, “तुम्ही मूर्ख आहात. हे मी तुम्हाला त्या शनिवारीच तोंडावर सांगायला हवं होतं. तुमची वाटी काढून घेऊन सांगायला हवं होतं. आमटी वाढत बसले. म्हणजे तुमच्यापेक्षा मी मोठी मूर्ख.”



“आई,” शंभूराज सावकाश म्हणाला, “हे परत एकदा म्हणाल? रेकॉर्ड करतो.”

प्रेमाताईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. शेजारच्या सीटवरच्या बाईनं सरकून थोडी जागा केली, ‘जरा सांभाळून घ्या’ अशा अर्थानं कन्नडमध्ये “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी,” म्हणाली, आणि प्रेमाताई त्या अर्ध्या सीटवर अंग चोरून बनशंकरीपर्यंत आल्या.