तळहाताएवढा आंबट दगड

मित्रांनो, मला शोभेची वस्तू म्हणू नका. मी एक जुने पिंप आहे. देवदाराच्या फळ्यांचे, बांबूच्या कड्यांनी आवळलेले, उभ्या माणसाहून उंच. कात्सुनुमा गावात शिमुरा घराण्याच्या दुकानासमोर मला आणून ठेवले आहे आणि माझ्या गळ्यात एक पाटी अडकवली आहे. तिच्यावर लिहिले आहे : ‘या पिंपात शंभर वर्षे केवळ आनंद मुरला.’ ही पाटी खोटी आहे. लाकडाने गप्प राहावे, अशी रीत आहे. पण रोज येणारे लोक ती पाटी वाचून गोड हसतात, आणि ते पाहून माझ्या फळ्या आतल्या आत तडतडतात.

मला ज्याने बांधले तो कारागीर कमी बोलत असे. शेवटचे कडे ठोकून झाल्यावर त्याने माझ्या पोटावर थाप मारली आणि घरधनी योहेई शिमुरा यांना एवढेच सांगितले, “कडी सैल पडू देऊ नका. मग पिंपही जातं आणि घरही.”

त्या वर्षापासून प्रत्येक शरदात मी भरत आले. मांडवावर पसरलेल्या द्राक्षवेलींखाली वाकून बायका घड कापत. पावसाने डागू नयेत म्हणून एकेका घडाच्या डोक्यावर कागदाची टोपी घातलेली असे. ती काढून घड माझ्या शेजारच्या, रस पिळायच्या घाण्यावर येत. पिळलेला रस जाड फडक्यातून गाळून माझ्यात ओतला जाई. गावात या दारूचे कौतुक कुणी फारसे करत नसे. शेतावरून आल्यावर भोपळ्याच्या रश्शात शिजवलेल्या रुंद शेवयांबरोबर ती चहाच्या वाटीतून प्यायची, एवढेच.

हळूहळू माझ्या आतल्या भिंतीवर एक थर धरू लागला. गुलाबी, खरखरीत, चकाकणारा. त्याला गावात ‘दारूचा दगड’ म्हणत. इतर घरे तो अधूनमधून खरवडून टाकत. शिमुरांकडे मात्र त्याला हात लावायला बंदी होती. योहेई म्हणत, “पिंपाचं वय दगडात मोजायचं असतं.” मला त्याचा अभिमान वाटे. तुम्हाला तुमच्या उंचीचा वाटतो, तसाच.

नव्या दारूचा पहिला घोट योहेईंचा मुलगा सेइगो घेत असे. टवका उडालेली त्याची एक वाटी होती. घरातली माणसे श्वास रोखून उभी राहत. तो जिभेवर घोट घोळवून डोळे बारीक करी आणि ओरडे, “आंबट!” तसे सगळे हसू लागत. आंबट म्हणजे जिवंत; आंबट म्हणजे पुढचा उन्हाळा काढणार. त्या घरात ‘आंबट’ याहून मोठी शाबासकी नव्हती. त्याची बायको त्सुने हिने लग्नानंतर पहिल्यांदा शेवया केल्या, तेव्हाही तो “आंबट!” म्हणाला होता. बिचारी रडू लागली, आणि सासऱ्यांनी तिला शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.

मग युद्ध आले. १९४३च्या शरदात, दारू अजून माझ्यात फसफसत असतानाच, सेइगोला नौदलाचे बोलावणे आले. जाताना त्याने आपली वाटी माझ्या झाकणावर पालथी घातली. “मी आल्याशिवाय चाखायची नाही,” तो त्सुनेला म्हणाला. “आणि मुलगी झाली तर तिलाही द्यायची नाही!”

मुलगी झाली. तिचे नाव हात्सुए. पिंप तसेच बंद राहिले.

पुढल्या हिवाळ्यात हुकूम आला. गावातल्या सगळ्या द्राक्षदारूत चुना घालून तिचा आंबटपणा तळाशी बसवायचा, पिंपांतले दगड खरवडायचे आणि सगळे पोत्यांत भरून स्टेशनवर पोचवायचे. त्यातून नौदलासाठी पाण्याखालच्या बोटींचा आवाज टिपणारे यंत्र बनते, असे सांगण्यात आले. हुकूम घेऊन ओसादा आला. तो सेइगोचा बालमित्र. पाय अधू म्हणून युद्धावर गेला नव्हता, आणि त्या संकोचापायी गरजेपेक्षा जास्त बोलत असे.

“वहिनी, नौदलाला आंबट हवं, आपल्याला गोड. वाटणी किती सोपी!”

“भावजी, तुमच्या पिंपातलं न्या. हे यांचं आहे.”

“माझं काल गेलं. आता ती दारू पावसात भिजलेल्या कागदासारखी लागते. टोपी चावल्यासारखं वाटतं बघा.”

“मग? तीच यांना पाजू?”

तो ओशाळला. मग हळू आवाजात म्हणाला, “यंत्र म्हणजे कान असतो, वहिनी. सेइगो बोटीवरच आहे ना? तो कान त्याच्याच बोटीला लागला तर?”

 त्सुनेने सासऱ्यांकडे एकदा पाहिले. मान खाली घालून योहेई म्हणाले, “सूनबाई, दगड पुन्हा धरेल.”

तिची वेडी माया तुम्ही समजून घ्या, मित्रांनो. जी दारू तिने नवऱ्यासाठी जिवापाड राखली, ती तिने नवऱ्यासाठीच दिली. चुन्याने मेलेली दारू उपसल्यावर ती शिडी लावून माझ्यात उतरली आणि पटाशीने दगड खरवडू लागली. तीस वर्षे धरलेला माझा दगड तीन दिवसांत सुटला. मला वेदना झाल्या, पण राग आला नाही. मी स्वतःलाच बजावले, ‘मी कान होणार आहे. सेइगोच्या बोटीखाली मी जागे राहणार आहे.’

शेवटच्या दिवशी, तळाजवळ डाव्या अंगाला, तिचा हात थांबला. तिथे तळहाताएवढा दगड तिने तसाच सोडला. पोत्यांसाठी कापड मिळत नव्हते, म्हणून रस गाळायच्या जांभळ्या डागांच्या फडक्याचे तिने पोते शिवले.

वसंतात कळले की सेइगोची बोट बुडाली. पाण्याखालून आलेल्या बोटीने बुडवली.

युद्ध संपल्यावर पहिल्या शरदात त्सुने ओसादाबरोबर घडांच्या टोपल्या घेऊन स्टेशनवर गेली. जागेसाठी कुणीतरी मागची वखार उघडली. भिंतीलगत पोत्यांची रास पडली होती, ओलीने फुटलेली, उंदरांनी कुरतडलेली. त्यांतल्या एका पोत्यावर जांभळे डाग होते. ते पोते उराशी धरून ती घरी आली आणि माझ्यासमोर टाकून ओसादाकडे वळली.

“भावजी, हा कान झोपला होता का?”

“कुणाची तरी सही राहिली होती म्हणे... वॅगन लागलीच नाही.”

“कुणाची सही?”

ओसादाला ते ठाऊक नव्हते. कुणालाच ठाऊक नव्हते. ज्यांनी हुकूम धाडला, त्यांना आमची नावे, आमची पिंपे, आमची पोती सारे पाठ होते. सही करणाऱ्याचे नाव मात्र आजतागायत कुणाला सापडलेले नाही. तेव्हापासून मी संतापलेले आहे. ते पोते वेळेवर गेले असते तर सेइगो वाचला असता, असे मी म्हणत नाही. तेवढे मला कळते. पण एका बाईकडून तिची शेवटची ठेव काढून घ्यायची आणि ती वखारीत सडू द्यायची, याला मी आनंद म्हणायचे काय?

त्सुनेने मला पुढे वीस-बावीस वर्षे भरले. नवा दगड धरला. सोडलेल्या जागेवर त्याचा उंचवटा झाला. पहिला घोट मात्र तिने कुणालाही घेऊ दिला नाही. तो ती वेलीच्या मुळाशी ओतत असे. मग पोलादी टाक्या आल्या, मी मागच्या पडवीत गेले, त्सुने गेली. गेल्या वर्षी तिच्या नातवाने, तोमोनारीने, मला दुकानासमोर आणले, पुढून दार कापले आणि ती पाटी लावली. तो वाईट मुलगा नाही. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

परवा तो घासायचे यंत्र घेऊन आत शिरला. पर्यटकांना आत बसून फोटो काढता यावेत, म्हणून त्याला मला गुळगुळीत करायचे होते. यंत्र घरघरू लागले. तेवढ्यात काठी टेकत त्याची आई हात्सुए आली. ऐंशी उलटली आहे तिची, पण आवाज खणखणीत आहे.

“बंद कर ते! आधी खाली डावीकडं हात लाव.”

“आई, काय आहे इथे? गाठ आहे का?”

“तुझ्या आजीनं न दिलेलं आहे. बोट चाटून बघ.”

“ई! धूळ आहे त्यावर.”

“धुळीनं कोण मेलंय? चाट म्हणते ना!”

तोमोनारीने बोट जिभेवर ठेवले. त्याचे डोळे बारीक झाले. आणि ज्याला त्या घरातला तो शब्द कुणीही शिकवला नव्हता, तो माझ्या पोकळ पोटात मोठ्याने ओरडला,

“आंबट!”

हात्सुए दारातच खाली बसली. सगळी हकीकत तिने त्याला तिथेच सांगितली, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले नाही. पाटी मात्र अजून तशीच आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावातले जुने पिंप, जुने जाते, जुना घाणा घासूनपुसून लख्ख करण्याआधी त्याच्या आत एकदा हात घाला. जे खरखरीत लागेल ते खरवडू नका. पुसायचेच असेल तर आधी पाटीवरचा ‘केवळ’ हा शब्द पुसा.