कच्चा जोड

वापरलेली वस्तू घ्यायला गेलेला माणूस आधी तिची निंदा करतो, विकणारा तिचे गुण गातो, आणि सौदा होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. आमच्या गावच्या प्रफुलला एवढंही जमलं नाही. चंद्रपुरात एका बंद पडलेल्या शेडमध्ये ती मशीन पाहून तो नुसता तिच्यावर हात फिरवत उभा राहिला. विकणारा काय ते समजला. त्याने सांगितलेली किंमत देऊन प्रफुल मशीन टेम्पोत घालून आला.

नाव तिचं मिग. वेल्डर लोक तिला सीओटू मशीन म्हणतात. प्रफुलने आयुष्यभर कांडीचं वेल्डिंग केलेलं. एक कांडी जळाली की दुसरी लावायची, वर साचलेली खपली ठोकून काढायची. या मशीनला बंदूक असते. बटण दाबलं की तार आपोआप येत राहते, सिलिंडरचा वायू तिला हवेपासून झाकतो आणि जोड शिवणयंत्राने घातल्यासारखा सरळ उतरतो. चंद्रपुरात दुसऱ्याच्या शेडमध्ये त्याने ही बंदूक चार-सहा वेळा हातात घेतली होती. तेवढ्यावर तो स्वतःला जाणकार समजत होता, आणि त्याला तसं समजणारे आम्ही गावभर होतो.

झाकण उघडलं तेव्हा आत कोळशाची काळी धूळ आणि उंदराचं घरटं निघालं. प्रफुलने सायकलच्या पंपाने धूळ उडवली, जळालेल्या वायरी बदलल्या. तार पुढे ढकलणारी चाकं झिजली होती, ती नागपूरहून मागवली. बंदुकीपर्यंत तार नेणारी नळी गंजाने चोंदली होती, ती पेट्रोलने धुतली. पत्र्याला निळा रंगही दिला. बायको रीता म्हणाली, "मले ताप आला तवा पाण्याचा गिलास नाई देल्ला. हिची मात्र बाळंतिणीसारखी सेवा करून राह्यला."

प्रफुल हसला. मशीन चालू झाली त्या दिवशी त्याच्या अंगणात लग्नघरासारखी गर्दी होती.

पहिलं मोठं काम आलं सुगंधाबाईचं. नवरा गेलेला, मुलगा मनसाराम तलावावर मासेमारी करणारा, बायकोपोरांसह पलीकडच्या आळीत राहणारा. म्हातारीला दमा. घरात श्वास कोंडतो म्हणून बारमाही सपरीत, म्हणजे पुढच्या उघड्या पडवीत, झोपायची. त्या महिन्यात बिबट्याने तिच्या अंगणातला कुत्रा उचलला. मनसाराम म्हणाला, माझ्याकडे चल. सुनेच्या हातचं खाण्यापेक्षा बिबट बरा, असं म्हातारीने साऱ्या आळीला ऐकवलं. मग तोड निघाली की सपरीला लोखंडी चौकट आणि जाळीचं दार बसवायचं.

दिवस उन्हाळी धानाचे होते. शेतांना वीज दिवसा मिळत होती, सगळ्या मोटारी एकदम चालत आणि गावातला पंखा बैलाच्या शेपटीसारखा हले. कांडीचं वेल्डिंग असतं तर प्रफुलला तेव्हाच कळलं असतं, कारण वीज कमी पडली की कांडी लोखंडाला चिकटते, काम अडतं. ही मशीन अडली नाही. तार येत राहिली, वितळत राहिली, जोड सुंदर दिसत राहिले. दार उभं राहिलं. सुगंधाबाईने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि इतकं देखणं दार पाटलाकडेही नाही, असं आल्यागेल्याला सांगत बसली.

पुढच्या आठवड्यात प्रफुलने त्याच मशीनवर पाण्याच्या टाकीचा स्टँड केला. बैलगाडीत चढवताना तो निसटून दगडावर पडला आणि त्याचा एक पाय निखळून आला. प्रफुलने तो उचलून पाहिला. लोखंड फाटलं नव्हतं. कमी विजेत ते पुरतं तापलंच नव्हतं, जोड वरच्यावर बसला होता, भिंतीला पोपडा बसतो तसा. उरलेले तीन पाय त्याने घणाने ठोकले. तिन्ही एकेका घावात सुटले.

मग तो घण घेऊन सुगंधाबाईकडे गेला. दाराला दोन घाव घालून पाहतो, एवढंच तो बोलला. म्हातारी दारात आडवी आली.

"कुंकू लावलं त्याले. पूजेच्या दाराले घण मारतेत का रे? उद्या देवाच्या मूर्तीलेबी ठोकून पाहाशीन."

"बाई, एकडाव पाहू द्या."

"काऊन? काही कमी हाय का त्यात?"

इथे एक शब्द पुरला असता. प्रफुलने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या दोन बाया ओट्यावर गहू निवडत ऐकत होत्या.

"नाई," तो म्हणाला, "असंच पाहाले आलो होतो."

म्हातारीने त्याला चहा पाजला. तो प्यायला आणि घण खांद्यावर टाकून परत आला. पूजेच्या दाराला हात लावू देत नाही म्हणते, असं त्याने रीताला सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात सुटल्याची भावना होती, असं रीताच नंतर म्हणाली. दार कच्चं आहे हे मनसारामला सांगून ये, असं ती दोनदा बोलली. वीज नीट आली की गुपचूप जोड मारून देतो, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

बिबट त्याआधी आला.

सकाळी लोक जमले तेव्हा जाळीचं दार अंगणात पडलं होतं, बिजागऱ्या जोडातून सुटून चौकटीपासून अलग झालेल्या. सुगंधाबाई तलावाच्या पाळीमागे सापडली. वनखात्याच्या माणसांनी भरपाईसाठी पंचनामा केला. केवढी ताकद जनावराची, एवढं लोखंडी दार उपटलं, असं जो तो म्हणत होता. प्रफुलकडे कोणी बोट दाखवलं नाही. उलट चार घरांनी त्याच्याकडे तसल्याच दाराची मागणी केली, फक्त लोखंड जाड घाल म्हणाले.

तेरवी उरकल्यावर मनसाराम त्याच्या घरी आला. प्रफुलने त्याला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला.

"भाऊ, ते दार कच्चं होतं. मले माहीत होतं."

मनसारामने मशीनकडे पाहिलं. मग दाराकडे पाहून त्याने आवाज उतरवला.

"हे आता कोणाजवळ बोलजो नको. पंचनाम्यात दार मजबूत होतं म्हून लिवलं हाय. कच्चं म्हटलं त साहेब म्हणन, तुमचीच चूक. माय त गेलीच, मंग पैसेबी अटकन."

प्रफुलने तोंड उघडलं, तर मनसारामने हात वर करून त्याला थांबवलं.

"पोरं उकाड्यानं बाहेरच निजतेत. माह्याबी सपरीले दार लागते." तो उठला. "या वेळेस पक्कं करजो."

प्रफुलने टेप घेतला. दोघं पलीकडच्या आळीत गेले. टेपचं एक टोक मनसारामने धरलं.