आबांचं पायी चालणं

धोतराचा सोगा हातात धरून हिलाल आबांनी वेशीबाहेर पाऊल टाकलं, तोच शेजारच्या लोटनची राजदूत फटफटत येऊन थांबली.

“आबा, जीप ईकी टाकी का? बठा मांगे.”

“फिराले निंघनू रे भो.”

“मंग आम्ही मरी गऊत का? बठा.”

आबा बसले. आग्रहाला नाही म्हणणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. वजन त्यातूनच आलं होतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं: तीन महिने रोज चाला, नाहीतर साखरेसाठी सुई टोचून घ्यायची तयारी ठेवा. सुईला आबा फार भीत. पण दारात जीप असताना सोनगीरचा माजी सरपंच पायी दिसणं ही गावाची बेअब्रू. लोटनला चुकवावं तर पुनाची बैलगाडी, ती चुकवावी तर दुधाचा टेम्पो. आठवडाभर आबा फिरायला म्हणून निघाले आणि गावातल्या झाडून सगळ्या वाहनांत बसून आले.

शेवटी प्रमिलाबाई म्हणाल्या, “मी येस संगे.”

दुसऱ्या दिवशी लोटन थांबलाच. नवऱ्याच्या तोंडून होकार निसटायच्या आत बाईंनी पदर सावरला.

“नवस शे. किल्लाना पायथालगुन पायी.”

लोटनने गाडी बंद केली, चपला काढल्या आणि हात जोडले.

तेव्हापासून टेम्पोसुद्धा भोंगा न वाजवता शेजारून जाऊ लागला. आबांना दम लागे, की दोघं थांबत; थांबली, की बोलत. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, पण बायकोला नकला करता येतात हे आबांना आत्ता कळत होतं. डॉक्टरांची नक्कल तर अशी, की आबा खडीच्या ढिगावर बसून डोळे पुसत हसले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी काट्याकडे बघून नाक मुरडलं. मग रक्ताचा रिपोर्ट बघितला.

“वजन फारसं हललं नाही, पण साखर उतरलीय. अंग बसून होतं, तेव्हा ती रक्तात लोळत पडायची. आता कामाला लागलीय. सुई नको.” त्यांनी बोट वर केलं. “पण चालणं सुटलं, की परत चढेल. हे जन्मभराचं आहे, आबा.”

आबांचा चेहरा पडायची ते वाट बघत राहिले.

“एकट्यानं, की दोघांनी?” आबांनी विचारलं.

“साखरेला काय, कसंही चाला.”

“तसं नको. दोघांनी, असं लिहून द्या. घरात माझं कोणी ऐकत नाही.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. इतका वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेल्या प्रमिलाबाई खुर्चीसकट पुढे सरकल्या.

“जरा मोठ्या अक्षरात लिहा,” त्या म्हणाल्या.