भोक न पडलेलं दार

मामा सांगतात त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. त्यांचं म्हणणं, एकदा भर समुद्रात गळकं जहाज त्यांनी डोळे मिटून सांधलं, आणि ठिणग्यांच्या उजेडात मासे रांग लावून बघत होते. "वेल्डिंग मशीनचा काटा बघतो कोण? कांडी चुरचुरली की करंट किती ते माझा कान सांगतो!"

बेकरीवाली हे सगळं वर्कशॉपात उभ्याउभ्या ऐकत होती. तिच्या भट्टीच्या दाराची बिजागरी तुटली होती, आणि दार बसल्याशिवाय संध्याकाळचा पाव निघणार नव्हता. वर्कशॉपची मालकीण, म्हणजे मामांची भाची, बाहेर गेली होती. जाताना बजावून गेली होती, "मामा, आणखी एक भोक पाडलंत तर कांडीचा होल्डर कायमचा खाली. मग तुम्ही आणि तो झाडू!"

"आणा ते दार इकडे," मामा म्हणाले.

सकाळी जाडजूड गर्डर जोडला होता. काटा अजून तिथेच, एकशे चाळीसवर. होल्डरमधली जाड कांडीही तीच. मामा जहाजातून उतरायला तयार नव्हते. बोलता बोलता तोंडावर काच ओढली, कांडी टेकवली आणि फस्स! पातळ पत्र्यात अंगठा जाईल एवढं भोक.

"मासे आले का हो?" बेकरीवालीने विचारलं.

मामांनी काच वर केली. कोपऱ्यातला झाडू त्यांच्याकडेच बघत होता. पण हात मुरलेला. काटा सत्तरवर आणला, बारीक कांडी लावली आणि भोकामागे तांब्याची पट्टी धरली. तांब्याला लोखंड चिकटत नाही, अन् वितळलेला रस खाली गळत नाही. एक थेंब, जरा दम, पुन्हा एक थेंब, असं करत भोक बुजवलं. मग कांडीचं तोंड जाड बिजागरीकडे ठेवून पत्र्याला नुसती झळ देत सांधा ओढला. आता कुठे ती एकसारखी चुरचुर कानाला लागली. वरून ग्राइंडर फिरवला, ओल्या फडक्याने दार थंड केलं. भोक होतं म्हणून कुणी सांगून पटलं नसतं!

तेवढ्यात भाची दारात. "काय मामा, पाडलंत ना?"

"मी? भोक? अगं, एका दमात, एका कांडीत! विचार हिला."

बेकरीवालीने पदरात हसू दाबलं. "मी कुठे बघितलं बाई, मी मासे बघत होते."

भाचीने बिजागरी हलवून बघितली, सांध्यावर हातोडीचे टोले दिले. सांधा तसूभर हलला नाही. खूश होऊन तिने टेबलावर हात टेकला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटकाच बसला होता.

"मामा! भोक पडलंच नाही, तर ही तांब्याची पट्टी काय माशांनी तापवली? सांधा झकास आहे, होल्डर राहू दे तुमच्याकडे. पण यापुढे काटा मी लावणार!"