सोन्याची पानं कोणी मिटवली?

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. गिरगावातल्या एका चाळीत लोणच्यासाठी आले आणि यंत्र होऊन बसले. हरेश्वर मास्तर शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांनी माझं तोंड लाखेनं बंद करून त्यातून पितळेची कांडी आत सोडली, तिच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं लावली आणि ओल शोषायला तळाशी चुनकळी ठेवली. रेशमावर घासलेली काचेची दांडी कांडीला टेकवली, की आत वीज उतरे आणि पानं फाकत. कांडीला कोणी बोट लावलं, की पानं मिटत.

अठराशे चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात मास्तरांना आपल्या बायकोला, अंबिकेला, हे शिकवायची हौस आली. तिला अक्षरओळख बेताची, पण कुतूहल भारी. भाकरी तव्यावर टाकून ती मला बघायला येई. करपलेल्या भाकऱ्यांचं थोडं पाप माझ्याही माथी आहे.

एकदा मास्तर पानं फाकवून शाळेत गेले; परतले, तर ती मिटलेली. अंबिका तेव्हा बाजूला बसली होती. त्या दिवसांत बाईनं कशाला शिवायचं नाही, अशी रीत.

"शिवली असणार ही!" तिच्या सासूबाई, राधाबाई, कडाडल्या. "विटाळानं सोनं मिटेल नाही तर काय?"

"मी उंबऱ्याबाहेरूनच बघत होते, सासूबाई. आपोआप मिटली, हळूहळू."

मास्तर पडले सुधारक. "विटाळबिटाळ मी मानत नाही," ते म्हणाले. "पण आपोआप काही मिटत नसतं. बोट लावलंस तर तसं सांग. खोटं कशाला?"

"नाही हो लावलं."

"पुन्हा या खोलीत येऊ नकोस."

ती आली नाही. पानं मात्र मिटतच राहिली. ती लपून येते की काय, अशी शंका मास्तरांना आली. म्हणून त्यांनी मला परळच्या एका गिरणीच्या तळघरात नेलं. तिथली हवा आत भरून पुन्हा लाख लावली, पानं फाकवली आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या ओळखीचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, दौलत याच्याकडे. वाटेत मास्तरांनी त्याला घरची सगळी हकिकत सांगितली होती.

घरी अर्धी मिटायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात इथं पानं पुरती मिटली.

कुलूप काढून आत बघत दौलत हसला. "मास्तरानू, हंय उंदीरसुद्धा येणा नाय. आता कोणाक दोष देतल्यात?"

मास्तरांनी मला उचललं. पानं का मिटतात, ते कोडं पुढं जगानं सोडवलं. दगडमातीतून आणि आकाशातून अदृश्य किरणं सारखी येत असतात, ती हवेतून वीज पळवतात. तळघरात तर तशीच किरणं सोडणारा मातीतला वायूही कोंडतो. त्या किरणांबरोबर न्यूट्रॉन नावाचे कणही असतात, ते मला ओळखताही येत नाहीत. ते जमिनीवर किती आणि खाली किती, हे मोजायला माझ्यापेक्षा शहाणी यंत्रं आली.

परतताना भाड्याच्या गाडीत मला मांडीवर धरून मास्तर पुटपुटले, "चुकलो गं, अंबिके."

घरी ती वाढत होती. मास्तरांनी तोंड उघडलं.

"आमटी छान झालीय."

"सार आहे ते," अंबिका म्हणाली.

मग ते भात कालवू लागले. पुढं सभांमधून माझं कौतुक झालं, मग मी माळ्यावर गेले. अंबिका त्या खोलीवरून जाताना मान वळवूनच जाई, शेवटपर्यंत.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण चूक कळली, तर जिचा अपराध केला तिच्यासमोर बोला, बरणीसमोर नको. मास्तरांची माफी अजून माझ्यापाशीच आहे. ती आता मी कोणाला नेऊन देऊ?