मरळ थांबते तेव्हा

“बंद पडलं का ते?” विश्वजित रणवरेंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही. थांबलंय,” अश्लेषा म्हणाली.

“सहा मिनिटं झाली, मॅडम.”

“हो. अजून लागतील.”

रणवरे पुण्याच्या एका कंपनीतून आले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पडद्याकडे. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता उकळलेल्या चहाचा रंग. सांगलीला नदीकाठच्या एका जुन्या जॅकवेलवरच्या पंपघरात आम्ही सहा जण उभे होतो. जॅकवेल म्हणजे नदीला लागून बांधलेली खोल गोल विहीर. नदीचं पाणी जाळीतून तिच्यात येतं आणि पंप ते गावाला चढवतो. तिच्या तळाशी, चाळीस फूट खाली, माझ्या लेकीचं यंत्र गाळात गप्प बसलं होतं.

मी तिथे असण्याचं खरं तर कारण नव्हतं. सांगली माझं माहेर. धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला निघाले होते. “वाटेत तासाभराचं काम आहे, आई, मग सोडते तुला मावशीकडे,” असं म्हणून अश्लेषाने मला कराडहून गाडीत घातलं. पण गाडीत ती एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मला कळलं की काम तासाभराचं नाही, अकरा वर्षांचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी, कराडजवळच्या ज्या कॉलेजात ती शिकवते तिथल्या मागच्या खोलीत, तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी हे यंत्र बांधलं. पिवळं, गॅसच्या सिलिंडरएवढं. आपलं आपण पाण्याखाली फिरायचं, भिंती, पाइप, जाळ्या बघायच्या, तडे शोधायचे. पोरांनी त्याचं नाव ठेवलं मरळ, गढूळ पाण्यातल्या माशाचं. कॉलेजच्या टाकीत मरळ अशी काही पोहायची की कौतुक करावं. नदीत सोडली की मात्र भिंतीवर आपटायची. तिच्याच पंख्याने गाळ उडायचा, तिलाच दिसेनासं व्हायचं, मग ती आणखी जोरात पंखे फिरवायची. अश्लेषा संध्याकाळी घरी यायची ती ओल्या चपलांनी, आणि ताटावर बसून भिंतीकडे बघत राहायची.

मोठा पूर येऊन गेला, त्या वर्षी तिला लालासाहेब भेटले. पुरात गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था होती. जॅकवेल गाळाने भरल्या होत्या. लालासाहेब तेव्हा साठी ओलांडलेले, तीस वर्षं जॅकवेलमध्ये बुड्या मारून जाळ्या साफ करणारे. त्यांनी काठावर बसून मरळीची धडपड बघितली आणि म्हणाले, “आवं बाई, तुमचं यंत्र लय घाबरतंय. गढूळ झालं की हातपाय झाडतंय. माणूस असाच मरतो.”

“मग तुम्ही काय करता?” अश्लेषाने विचारलं.

“तळाला हात लागला की आदी थांबायचं. दम असंल तवर थांबायचं. पाणी आपणहून वाट दावतं. आन् ह्याला तर दमाची बी काळजी न्हाई. मग कसली घाई?”

त्या रात्री तिने मला हे सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. आमच्या लहानपणी पावसाळ्यात नदीचं पाणी लालभडक यायचं. आई घागरीत तुरटी फिरवायची आणि बजावायची, कुणी हात लावायचा नाही, निवळू दे. आम्ही चार भावंडं घागरीभोवती बसून राहायचो. एवढी साधी गोष्ट. पण यंत्राला ती शिकवायला माझ्या लेकीला तीन वर्षं लागली. कारण पाणी कधी निवळत असतं आणि कधी वाहत असतं. वाहत्या पाण्यात थांबून उपयोग नाही. हा फरक यंत्राने आवाजावरून ओळखायचा. तो भाग मुकुलने लिहिला. मुकुल पाटणचा. रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा आणि कटाची आमटी असली की भात पुन्हा लावावा लागायचा.

तोच मुकुल आता रणवरेंच्या शेजारी उभा होता, कंपनीचं नाव छापलेला निळा शर्ट घालून.

कंपनीला मरळ नको होती. त्यांना तिचं डोकं हवं होतं, म्हणजे सॉफ्टवेअर. ते दुसऱ्यांच्या यंत्रांत घालून विकायचं. विद्यापीठ खूश होतं. संशोधन बाजारात जाणार, अहवालात एक ओळ वाढणार. पण त्या एका ओळीसाठी अडीच वर्षं गेली. सात बैठका झाल्या. फाइलवर ‘मरळ’ असं लिहिलेलं, म्हणून ती पाच महिने प्राणिशास्त्र विभागात पडून होती. कंपनीच्या अर्जात वेग, वजन, खोली अशा चौकटी होत्या, थांबण्यासाठी चौकट नव्हती. अश्लेषाने ते समासात लिहिलं, तर अर्ज परत आला.

आणि शेवटी रणवरेंचा निरोप आला की थांबण्याचा तो भाग काढायचा. गिऱ्हाईक घाबरतं. फार तर तीन मिनिटं. अश्लेषाने एवढंच मागितलं की एकदा नदीवर येऊन बघा. ते म्हणाले, दाखवा, पटलं तर ठेवू.

म्हणून आजचा दिवस. पाणीपुरवठ्याचे अभियंता महावीर चौगुले यांनी बाराच्या आत आटपायच्या बोलीवर पंप बंद ठेवला होता. “बाराच्या वर गेलं तर बायका हंडे घेऊन माझ्या दारात येतील, मॅडम. माझी बायको सगळ्यात पुढं असंल.”

“नऊ मिनिटं,” रणवरे म्हणाले.

लालासाहेब विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. महावीरने सांगितलं म्हणून सायकल मारत आले होते. ते म्हणाले, “आवं सायेब, त्याला दम लागत न्हाई, भूक लागत न्हाई. तुमालाच कसली घाई झालीया?”

“काका, मला चारला पुण्यात मीटिंग आहे.”

“व्हय का? मग पुण्यातच घ्यायचं हुतं की हे.”

महावीर खोकल्याचं निमित्त करून वळले. रणवरेही हसले, पण त्यांचा पाय जमिनीवर थाप मारत होता. बारावं मिनिट लागलं तेव्हा ते मुकुलला म्हणाले, “पुढे घे. तीन मीटर.”

“मुकुल, हात लावू नकोस,” अश्लेषा म्हणाली.

मुकुलने तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. दोघांच्या मध्ये त्याचा हात क्षणभर तसाच राहिला, आणि मग त्याने बटण दाबलं.

पडद्यावरचा चहा काळा झाला. खालून काही ऐकू येत नव्हतं, पण कठड्यावरून खाली गेलेली केबल सरसर ओढली गेली, ताठ झाली आणि थरथरत थांबली. मुकुलने धावत जाऊन ती दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली.

“वढू नगंस, गड्या!” लालासाहेबांनी त्याचं मनगट धरलं. “जाळीच्या गजात गुतलीया. वायर तुटली की तुजी मरळ ऱ्हाती हितंच.”

“मग काय करायचं?” रणवरेंनी विचारलं.

“काय न्हाई. बसायचं.”

खरोखरच दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अश्लेषाने पंखे बंद केले आणि हात मांडीवर ठेवले. रणवरे थोडा वेळ उभे राहिले, फोनवर बोलायला बाहेर गेले, परत आले, आणि शेवटी एका पालथ्या बादलीवर बसले. महावीरने डब्यातलं भडंग पुढे केलं. “घ्या, सायेब. वेळ जातो.” रणवरेंनी आधी नको म्हटलं, मग दोनदा घेतलं. मुकुल कुणाकडेच बघत नव्हता. मी त्याला हाक मारली, “आईचे गुडघे कसे आहेत रे?” तो म्हणाला, “बरे आहेत, आजी,” आणि नजर खाली.

मला राग कुणाचा यावा हेच कळेना. त्या पोराचा येईना. रणवरेही वाईट माणूस नव्हते. पण माझी लेक त्या लोखंडी टेबलाशी ज्या तऱ्हेने बसली होती, पाठ ताठ, ओठ मिटलेले, ते बघून मला वाटत होतं की कुणाचं तरी बखोट धरून हलवावं.

केबल गुंतल्यापासून एकोणिसाव्या मिनिटाला पडद्यावर एक उभी करडी रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी. काळा रंग चहाचा झाला, चहाचा ताकाचा, आणि हळूहळू ती सगळी जाळी दिसू लागली. गज, गजांवरचं शेवाळ, आणि तिसऱ्या गजाला दोन वेढे घेतलेली केबल.

“आयला!” महावीर पुढे वाकले. “त्यो पलीकडचा गज तुटलाय की! दोन वर्षं झाली, पंपात कचरा येतोय म्हणून आमी पंपालाच शिव्या देतोय!”

अश्लेषाने मरळ उलटी घेतली. सावकाश, बोटाएवढी, बोटाएवढी. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. लालासाहेब म्हणाले, “हां. आता शानी झाली.”

रणवरे उठून तिच्याजवळ आले. “मॅडम, मानलं. खरंच सांगतो, मला पटलं.”

अश्लेषाने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मग राहू दे ते.”

“मला पटून काय उपयोग? मी विकू कसं? बंदरावर तासाच्या भाड्याने बोट घेतलेली असते. गिऱ्हाईक पडद्यासमोर उभं. त्याला वीस मिनिटं हा गढूळ रंग दाखवू? तीन मिनिटांनी ते हललंच पाहिजे.”

“तीन मिनिटांनी हललं तर आत्ता झालं तेच होईल.”

“होईल. पण तेव्हा गिऱ्हाइकाला वाटेल, काहीतरी चाललंय.”

“मग निदान बटण ठेवा. ज्याला थांबायचंय तो थांबेल.”

“बटण दिलं की प्रश्न येतात, मॅडम. प्रश्न आले की आमची माणसं तिथे पाठवावी लागतात.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. विद्यापीठातल्या, असे करार बघणाऱ्या केंद्राचे प्रमुख होते. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. “झाली का सही? एकतीस मार्च आहे हो, मॅडम. मालकी विद्यापीठाची आहे, तुम्ही नाही केलीत तर मी करीन. पण तुमच्या सहीने झालं तर बरं दिसतं.”

“दहा मिनिटांत सांगते,” ती म्हणाली, आणि फोन पालथा ठेवला.

रणवरेंनी कागद टेबलावर मांडले. हस्तांतरणाच्या यादीत सॉफ्टवेअरचे सोळा भाग क्रमाने लिहिलेले होते. अश्लेषाने सगळी पानं वाचली. पंपघरात कुठेतरी पाल चुकचुकली. मला वाटलं, ती कागद फाडणार. लहानपणी फाडायची, गणित चुकलं की वहीचं पान.

तिने पेन घेतलं आणि अकराव्या ओळीवर एक सरळ रेघ मारली.

“हे मी देत नाही,” ती म्हणाली. “तीन मिनिटांचं थांबणं माझ्या नावावर बाहेर जायला नको. उरलेले पंधरा घेऊन जा.”

रणवरे थोडे गोंधळले. मग म्हणाले, “आम्हाला तो भाग नकोच होता. चालेल. फक्त खोडलेल्या जागी ज्याने लिहिलाय त्याची छोटी सही लागेल. वकील विचारतात.”

ज्याने लिहिला तो दाराशी केबल गुंडाळत होता.

“मुकुल,” तिने हाक मारली.

तो आला. त्याने ती रेघ बघितली. “मॅडम, मी कंपनीत आतून प्रयत्न करीन. पुढच्या आवृत्तीत…”

“सही कर.”

“मॅडम, मगाशी मी…”

“अरे, तुझी नोकरी आहे. कर सही.”

त्याने केली. दोन अक्षरं, खाली तारीख. तारीख त्याने आधी चुकीच्या वर्षाची घातली आणि खोडून पुन्हा लिहिली. मग अश्लेषाने शेवटच्या पानावर आपली पूर्ण सही केली, टोपण लावलं आणि पेन त्यालाच देऊन टाकलं. ते त्याचंच होतं की तिचं, मला माहीत नाही.

मरळीला वर ओढून घेतलं तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. महावीर पंपाच्या बटणाशी जाऊन उभे राहिले. मरळ फरशीवर ठेवली, पाण्याचं तळं झालं. तिचा कॅमेरा चालूच होता. टेबलावरच्या पडद्यावर सगळ्यांचे बूट दिसत होते. काळे चकचकीत रणवरेंचे, शेजारी मुकुलचे, टाचेकडे झिजलेले. दोन्ही जोड दाराकडे वळले आणि निघून गेले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

“बंद करतेस ना?” मी विचारलं.

अश्लेषाचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात पडद्यावर लालासाहेबांचा चेहरा आला. ते मरळीपुढे उकिडवे बसले होते. आपण दिसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि काचेवरचा गाळ पुसायला लागले. क्षणभर सगळं तांबडं झालं, मग त्यांचे डोळे दिसले, पिकलेल्या भुवया, ओठांत धरलेली जिभेची कड. ते अगदी मन लावून, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसत होते.

अश्लेषाने हात मागे घेतला.